पाठीवरचें बिऱ्हाड

भूगोलाच्या तासास ऑस्ट्रेलियाचा नकाशा भिंतीवर टांगून, "मेलबर्न हें शहर कोणास ठाऊक आहे?" असें मीं विचारलें, तेव्हां वर्गांतील बहुतेक सर्व हात वर झाले. इ. स. २०२० च्या डिसेंबरांत अजिंक्य रहाणे यानें कर्णधार या नात्यानें तेथील मैदानावर ११२ धावा काढल्या व आपल्या संघानें तो सामना जिंकला, हें सर्वांस तोंडपाठ होतें. पण तें शहर कोणत्या नदीच्या कांठीं वसलें आहे, तेथें जून महिन्यांत उन्हाळा असतो कीं हिवाळा, आणि एखादा परका मनुष्य तेथें एकटाच जाऊन उतरला तर तो पहिल्या रात्रीं निजतो कोठें, या तीन प्रश्नांस उत्तर मिळेना. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें भूगोलाच्या पुस्तकांत सांपडतील. तिसऱ्याचें उत्तर तेथें नसतें, आणि तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. म्हणून हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नासाठीं आहे.

हा प्रश्न आतां आपल्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यांतील व्यापारी करारास अनुसरून तेथील सरकारनें आपला "वर्क अँड हॉलिडे" नांवाचा व्हिसा भारतीय तरुणांस खुला केला, आणि त्याची पहिली सोडत १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. अठरा ते तीस वर्षांच्या तरुणतरुणींपैकीं वर्षास एक हजार जणांस ही परवानगी मिळते. ती मिळाली म्हणजे वर्षभर त्या देशांत फिरावें, आणि फिरण्याच्या खर्चापुरतें तेथें कामहि करावें, अशी ही योजना आहे. निर्वाहासाठीं आपल्यापाशीं साधारणपणें ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचें दाखवावें लागतें. आज आमच्या शाळेच्या बांकांवर बसणाऱ्यांपैकीं कोणाचें नांव उद्यां या सोडतींत निघणार नाहीं, असें कोणी सांगावें?

"विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर" ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. परंतु जगांत असे हजारों तरुण आहेत कीं, ज्यांचें बिऱ्हाड खरोखरच पाठीवर असतें. त्यांस बॅकपॅकर म्हणतात. दोन जोड कपडे, एक टॉवेल, कागदपत्रें व एक कुलूप एवढा संसार पिशवींत भरून ते निघतात. ते मोठ्या हॉटेलांत उतरत नाहींत, हॉस्टेलांत उतरतात. येथें हॉस्टेल म्हणजे शाळेचें वसतिगृह नव्हे. आपल्याकडील धर्मशाळेसारखी ती वाटसरूंची जागा असते. मात्र तेथें पैसे पडतात. एका खोलींत सहा, आठ, क्वचित् बारा खाटा असतात, व त्यांपैकीं एक खाट रात्रीच्या हिशेबानें भाड्यानें मिळते.

या हॉस्टेलांचा उगम एका शाळामास्तरापासून झाला, हें सांगतांना शिक्षकास थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. जर्मनींतील रिचर्ड शिरमान नांवाचे शिक्षक १९०९ सालीं आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन पायीं सहलीस निघाले असतां वादळांत सांपडले, आणि एका खेड्यांतील शाळेच्या खोलींत त्या सर्वांनीं रात्र काढली. सुटीच्या दिवसांत शाळांच्या खोल्या रिकाम्याच असतात. मग फिरणाऱ्या मुलांस त्या निजावयास कां देऊं नयेत, असा विचार त्या रात्रीं त्यांच्या मनांत आला. पुढें १९१२ सालीं आल्टेना येथील जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें युवक-हॉस्टेल निघालें. तीच चळवळ १९३९ सालीं ऑस्ट्रेलियांत पोहोंचली, व तेथील पहिलें हॉस्टेल मेलबर्नजवळ वॉरनडाइट या गांवीं उघडलें. आज शहरांत जीं हॉस्टेलें आहेत तीं सर्वच त्या चळवळीचीं नाहींत. पुष्कळशीं केवळ व्यापारी आहेत. पण मूळ कल्पना एका मास्तराची, हें विसरूं नये.

आतां अशी कल्पना करा कीं, तुमची थोरली बहीण पदवीधर होऊन, सोडतींत नांव निघून, एकटीच मेलबर्नला निघाली आहे. भाऊ न घेतां बहीण मीं मुद्दाम घेतली आहे. मुलगा निघाला म्हणजे आपण त्याच्या धैर्याचें कौतुक करतों व बाकीचें दैवावर सोडतों. मुलगी निघाली म्हणजे मात्र आपण बारीक बारीक प्रश्न विचारूं लागतों. ते प्रश्न मुलाच्या बाबतींतहि तितकेच विचारण्याजोगे आहेत.

शहराची ठेवण

प्रथम शहराची ओळख करून घेऊं. मेलबर्न हें व्हिक्टोरिया संस्थानची राजधानी आहे व यॅरा नदीच्या कांठीं वसलें आहे. गोरे लोक १८३५ सालीं तेथें वस्ती करण्यास आले. त्यापूर्वीं हजारों वर्षें कुलिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातींची ती भूमि होती, आणि त्यांतील वुरुंजेरी लोक नदीस बिररंग म्हणत. १८३७ सालीं रॉबर्ट हॉडल या मोजणीदारानें शहराचा आराखडा आंखला. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सरळ रस्ते एकमेकांस काटकोनांत छेदतात. रुंद रस्ते ९९ फुटांचे, व पूर्व-पश्चिम जाणाऱ्या दोन रुंद रस्त्यांमध्यें एक ३३ फुटांचा अरुंद रस्ता. त्या अरुंद रस्त्यास शेजारच्या मोठ्या रस्त्याचेंच नांव, फक्त मागें "लिटल" हा शब्द. कॉलिन्स स्ट्रीट निराळा व लिटल कॉलिन्स स्ट्रीट निराळा. बर्क निराळा व लिटल बर्क निराळा. हा एक शब्द वाचावयाचा राहिला तर नवखा मनुष्य चुकीच्या दारावर जाऊन उभा राहतो. शिवाय आपण सूर्यावरून दिशा ठरवितों; पण तेथें भर दुपारीं सूर्य उत्तरेकडे असतो. दक्षिण गोलार्धाचा हा धडा वर्गांत पाठ करणें निराळें, आणि रस्त्यांत उभें राहून आपली सावली दक्षिणेस पडलेली पाहणें निराळें. ऋतूहि उलटे. जूनमध्यें हिवाळा, डिसेंबरांत उन्हाळा. उन्हाळ्यांत उत्तरेकडून वाळवंटाचा तप्त वारा येतो, आणि तो फिरून दक्षिणेचा सागरी वारा सुटला म्हणजे घटकाभरांत दहा-बारा अंशांनीं उष्मा उतरतो. म्हणून तेथील लोक चार ऋतु एका दिवसांत येतात असें म्हणतात, व स्वच्छ ऊन असतांनाहि अंगरखा हातावर टाकून बाहेर पडतात.

या शहराच्या इतिहासांतील एक गोष्ट तुमच्या बहिणीनें जाण्यापूर्वीं समजून घेतली पाहिजे. १९०१ सालीं ऑस्ट्रेलियाचें संयुक्त राज्य झालें, व १९२७ पर्यंत त्याची पार्लमेंट मेलबर्न येथेंच भरत असे. तिनें पहिल्याच वर्षीं गोऱ्यांखेरीज इतरांस बाहेर ठेवण्याचा कायदा केला. कायद्यांत वर्णाचा उल्लेख नव्हता. येणाऱ्या उतारूस युरोपांतील कोणत्याहि एका भाषेंत पन्नास शब्दांचें श्रुतलेखन घालण्याचा अधिकार मात्र त्यांत दिला होता. भाषा निवडणें अधिकाऱ्याच्या हातीं होतें. ज्यास परत पाठवावयाचें त्यास न येणारी भाषा निवडली कीं काम झालें! श्रुतलेखनाचा तुम्हांस कंटाळा येतो, पण त्याचा असा दुरुपयोग जगांत झाला आहे. ही परीक्षा १९५८ सालीं रद्द झाली, आणि वर्णभेदाचें तें धोरण १९७३ पर्यंत पुरतें मोडीत निघालें. २०२१ च्या शिरगणतींत, ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेल्या रहिवाशांमध्यें इंग्लंडच्या खालोखाल भारतांत जन्मलेल्यांचा क्रमांक लागला. तरीहि २००९ सालीं मेलबर्नमध्यें भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, व विद्यार्थ्यांनीं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनासमोर चव्हाट्यावर बसून आपला निषेध दाखविला, हेंहि खरें आहे. मीं हें भय घालण्यासाठीं लिहीत नाहीं. ज्या दारानें आपण आंत जातों तें दार कोणासाठीं किती काळ बंद होतें, हें ठाऊक असलेला मनुष्य आंत गेल्यावर उगाच दबून वागत नाहीं आणि उगाच ताठ्यानेंहि वागत नाहीं.

पहिला दिवस

विमानांतच एक पत्रक भरावें लागतें. त्यांत, बरोबर खाण्याचे पदार्थ, बियाणें, लांकडाच्या वस्तू आहेत काय, असें विचारलेलें असतें. आईनें प्रेमानें बांधून दिलेलें लोणचें, लाडू व मसाला आठवून येथें "होय" असेंच लिहावें. खरें सांगितलें तर फार झालें तर एखादा डबा काढून घेतील. लपविलें तर मोठा दंड होतो, व प्रसंगीं व्हिसाहि रद्द होऊं शकतो. आपल्या देशांतील पिकांस परकी कीड लागूं नये म्हणून ते लोक इतके कडक असतात. त्यांत अपमान मानण्याजोगें कांहीं नाहीं.

टुलामरीन येथील विमानतळ शहरापासून सुमारें २३ किलोमीटर दूर आहे, व तेथून शहरांत येण्यास आगगाडी नाहीं. स्कायबस नांवाची मोटार थेट सदर्न क्रॉस स्टेशनापर्यंत आणून सोडते. ज्यास काटकसर करावयाची आहे व वेळ आहे, त्यास ९०१ क्रमांकाच्या साध्या बसनें ब्रॉडमेडोज स्टेशन गांठून तेथून आगगाडीनें येतां येतें. सदर्न क्रॉस हें दक्षिणेच्या आकाशांतील एका तारकासमूहाचें नांव, आणि तो समूह म्हणजे आपला त्रिशंकु होय. चैत्र-वैशाखाच्या रात्रीं आपल्याकडे तो दक्षिण क्षितिजाजवळ थोडा वेळ दिसतो. मेलबर्नमध्यें तो कधींच मावळत नाहीं. नव्या शहरांतील पहिले आठ दिवस मनुष्याची स्थितीहि त्या त्रिशंकूसारखीच असते. मागचें घर सुटलेलें, पुढचें मिळालेलें नाहीं.

हॉस्टेलांत खाट मिळाली कीं पहिलें काम म्हणजे कपाटास आपलें कुलूप लावणें. पुष्कळ ठिकाणीं कपाट असतें, पण कुलूप आपलें आणावें लागतें. पासपोर्ट व जास्तीचे पैसे त्यांत. केवळ स्त्रियांसाठीं निराळ्या खोल्या अनेक हॉस्टेलांत असतात. ती खोली निघण्यापूर्वींच मागून ठेवावी. स्वयंपाकघर सर्वांचें मिळून एक असतें. आपल्या डब्यावर नांव व तारीख लिहून ठेवावी. नांव नसलेला डबा कोणीहि उचलतो किंवा फेकून देतो. नळाचें पाणी निःशंकपणें प्यावें; ते पाणी डोंगरांतील राखलेल्या रानांतून येतें, व विकतची बाटली घेणें हा नवख्याचा पहिला व्यर्थ खर्च होय. नाणीं नीट पाहून घ्यावीं, कारण तेथें दोन डॉलरचें नाणें एका डॉलरच्या नाण्यापेक्षां आकारानें लहान असतें. मग घरीं निरोप पाठवून निजावें. पहिल्या दिवशीं याहून अधिक कांहीं करूं नये. झोपेनें जड झालेल्या डोळ्यांनीं कोणताहि करार वाचूं नये, ही गोष्ट मोठ्या माणसांनींहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवसाचीं कामें दिसण्यांत क्षुल्लक, पण सर्व पुढील दिवस त्यांवर उभे असतात. तीं पायऱ्यांसारखीं आहेत. मधली गाळून वर जातां येत नाहीं.

पहिली पायरी पत्ता. हॉस्टेलचे लोक आपलीं पत्रें घेऊन ठेवतील काय, हें कचेरींत विचारून घ्यावें. दुसरी पायरी तेथील टेलिफोनचा नंबर, कारण खोली दाखविणारा व काम देणारा दोघेहि तोच मागतात. तिसरी बँकेंतील खातें. चौथी पायरी कर-क्रमांक. हा नऊ आंकड्यांचा नंबर सरकारचें करखातें देतें. त्यासाठीं तेथें पोहोंचल्यावर अर्ज करावयाचा असतो व त्यास एक पैसाहि फी नाहीं. जो कोणी हें काम करून देण्याबद्दल पैसे मागेल, त्यास नमस्कार करून बाहेर पडावें. क्रमांक टपालानें येतो, व येण्यास अठ्ठावीस दिवसहि लागूं शकतात. म्हणून आधीं पत्ता. या व्हिसावर काम करणाराच्या वर्षांतील पहिल्या ४५,००० डॉलरांच्या मिळकतीवर शेंकडा १५ कर असतो. कर-क्रमांक दिलाच नाहीं तर मात्र शेंकडा ४५ कापले जातात. म्हणजे शंभर डॉलर मिळविले तर एकीकडे पंचायशी हातीं येतात, आणि दुसरीकडे पंचावन्न. वर्षअखेरीस हिशेब देऊन जादा कापलेलें परत मागतां येतें हें खरें. पण भूक वर्षअखेरपर्यंत थांबत नाहीं.

तिसरा दिवस

कामें मार्गीं लागलीं कीं एक दिवस शहर पाहण्यास द्यावा, आणि तो पायीं व ट्रामनें द्यावा. मेलबर्नच्या ट्रामांचें जाळें जगांत सर्वांत मोठें समजलें जातें. शहराच्या मध्यभागीं १ जानेवारी २०१५ पासून ट्रामचा प्रवास सर्वांस फुकट आहे. त्या हद्दीबाहेर मात्र मायकी नांवाचें कार्ड यंत्रास लावून बसावें, नाहींतर दंड होतो. हद्द संपल्याची सूचना ट्राममध्यें देतात. ती कान देऊन ऐकावी.

स्वान्स्टन स्ट्रीटवरील सार्वजनिक ग्रंथालय पाहिल्यावांचून राहूं नये. १८५६ सालीं तें उघडलें, तेव्हांपासून तें सर्वांस खुलें आहे. चौदा वर्षांवरील कोणीहि आंत यावें, हात स्वच्छ असले म्हणजे पुरे, असा त्याचा आरंभींचा नियम सांगतात. १९१३ सालीं तेथें घुमटाखालीं अष्टकोनी वाचनालय बांधलें. आंत उभें राहून वर पाहिलें म्हणजे मान दुखूं लागेपर्यंत पुस्तकांचे मजले दिसतात. त्या जागेचें मोल वाचकास तर आहेच, पण एकट्या प्रवाशास त्याहून अधिक आहे. शहरांत बहुतेक ठिकाणीं बसण्यास कांहींतरी विकत घ्यावें लागतें. येथें कांहीं न घेतां, कोणी न उठवितां, दिवसभर चारचौघांत बसतां येतें, व कामाचे अर्जहि लिहितां येतात.

खाण्याजिनसांसाठीं क्वीन व्हिक्टोरिया मार्केट ही १८७८ पासूनची मंडई. सोमवारीं व बुधवारीं ती बंद असते. दुकानें मिटण्याच्या सुमारास विक्रेते भाजी व फळें उतरत्या भावानें देतात, हें आपल्या मंडईंतल्यासारखेंच. तांदूळ, डाळ, कांदे व अंडीं घेऊन हॉस्टेलांत खिचडी शिजविणाऱ्या मुलीची आठवड्यांत निम्मी बचत होते, आणि खिचडीच्या वासानें चौघे जण "हें काय?" म्हणून विचारतात तो लाभ निराळाच.

चौथ्या दिवसापासून

येथवर सर्व ठीक असतें. खरी कसोटी चौथ्या-पांचव्या दिवशीं लागते. हॉस्टेलची एक खाट रात्रीस साधारणपणें चाळीस ते साठ डॉलर पडते. रोज सकाळीं मनांतल्या मनांत वजाबाकी होते. घरून नेलेली रक्कम उन्हांत ठेवलेल्या बर्फासारखी वितळूं लागते, आणि मनुष्य उतावळा होतो. नव्या शहरांत जे फसतात ते बहुधा मूर्ख नसतात. ते घाईंत असतात. खोली व काम या दोन ठिकाणीं ही घाई अंगाशीं येते.

खोलीचें पाहूं. तेथें भाडें महिन्याचें नव्हे, आठवड्याचें सांगतात. समजा, २५० डॉलर भाडें ऐकून कोणी आनंदला, तर त्यानें २५० ला ५२ नें गुणून बारानें भागावें. उत्तर महिन्यास सुमारें १०८३ डॉलर येतें. दुसरें, खोली स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कोणास एक डॉलर देऊं नये. "मी परगांवीं आहें, पैसे पाठवा, किल्ली टपालानें येईल," असें म्हणणाराची खोली बहुधा अस्तित्वांतच नसते. तिसरें, अनामत रकमेस तेथें बाँड म्हणतात. व्हिक्टोरिया संस्थानांत ही रक्कम घरमालकानें स्वतःच्या खिशांत ठेवावयाची नसून, दहा कामाच्या दिवसांच्या आंत त्यासाठीं नेमलेल्या सरकारी संस्थेकडे भरावयाची असते, व भाडेकऱ्यास तिची पावती मिळते. जेथें दुसऱ्या भाडेकऱ्यांबरोबर राहावयाचें असेल तेथेंहि लेखी करार व प्रत्येक रकमेची पावती मागावी. मागण्यांत संकोच कसला? पावती मागितल्यावर ज्याचा चेहरा बदलतो त्याच्या घरांत न राहणेंच बरें.

आतां काम. १ जुलै २०२५ पासून त्या देशांतील किमान मजुरी ताशीं २४.९५ डॉलर ठरली, आणि ज्यास पगारी रजा नाहीं अशा नैमित्तिक कामगारास त्यावर शेंकडा २५ अधिक, म्हणजे सुमारें ३१ डॉलर. हा दर जुलैमध्यें पुन्हां ठरविला जातो, म्हणून जाणारानें चालूं दर पाहून घ्यावा. आतां कोणी म्हणेल, "तूं नवीन आहेस, कागदपत्रें नकोत, ताशीं १५ डॉलर रोख देतों." आपल्या रुपयांत हिशेब केला तर ही रक्कमहि मोठी वाटते, आणि तेथेंच फसगत होते. आठवड्याचे ३८ तास धरा. साध्या किमान दरानेंहि ९४८ डॉलर होतात. १५ डॉलरप्रमाणें ५७०. म्हणजे दर आठवड्यास ३७८ डॉलर, खोलीचें भाडें देऊन वर उरेल इतकी रक्कम, मालकाच्या घरांत राहते. भाडें, भाजी, ट्राम हें सर्व डॉलरांत द्यावें लागतें. तेव्हां मजुरीहि डॉलरांतच मोजली पाहिजे.

हें समजण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. मग मुलें असें काम कां पत्करतात? कारण त्यांस भय घातलें जातें. "तक्रार केलीस तर तुझा व्हिसा रद्द करवीन," असें सांगितलें जातें. ही धमकी पोकळ आहे. व्हिसा देणें व रद्द करणें हें केवळ सरकारच्या हातीं असतें. कोणत्याहि मालकाच्या हातीं नसतें. पासपोर्ट काढून घेण्याचाहि मालकास अधिकार नाहीं. मजुरी दिल्यापासून एका कामाच्या दिवसाच्या आंत तिचें पत्रक देणें मालकावर बंधनकारक आहे. मजुरीच्या तक्रारींसाठीं फेअर वर्क ऑम्बुड्समन नांवाची सरकारी कचेरी आहे, ती फी घेत नाहीं. आणि आपण किती तास काम केलें हें रोज रात्रीं एका वहींत लिहून ठेवावें. शाळेंत आम्ही वही नीट ठेवा म्हणून कंठशोष करतों तो अगदींच फुकट नाहीं. अशी एक वही प्रसंगीं साक्षीदार होते.

दुसऱ्या दिवसाच्या पायऱ्यांचें महत्त्व आतां कळेल. जिच्यापाशीं पत्ता, खातें व कर-क्रमांकाचा अर्ज आहे, जिला मंडईंतली भाजी स्वस्त मिळते, आणि जिनें आणखी तीन आठवड्यांच्या खाटेचे पैसे बाजूस ठेवले आहेत, ती वाईट खोलीस व वाईट कामास "नाहीं" म्हणूं शकते. जिनें यांतलें कांहीं केलें नाहीं ती कितीहि धीट असो, तिला "होय" म्हणावेंच लागतें. नव्या गांवांत स्थिर होणें म्हणजे "नाहीं" म्हणण्याचें बळ मिळविणें होय. आणि तें बळ धाडसानें येत नाहीं, तर व्यवस्थेनें येतें.

आणखी दोन गोष्टी थोडक्यांत सांगतों. भारतीय प्रवाशास तेथील सरकारी वैद्यकीय सवलत मिळत नाहीं, म्हणून विमा उतरविल्यावांचून जाऊं नये. आणि संकटांत पोलीस, अग्निशामक किंवा रुग्णवाहिका यांपैकीं कोणीहि हवें असल्यास तीन शून्यें फिरवावीं.

एकटेपण

असो. हीं सर्व कामें उरकल्यावर एक संध्याकाळ अशी येते कीं, करण्यास कांहींच उरत नाहीं. खोलींतील इतर जण आपापल्या भाषेंत हंसत असतात. त्या संध्याकाळीं येथें येण्यांत आपण चूक केली, असें जवळ जवळ प्रत्येकास वाटतें. ही चुकीची खूण नव्हे. ही थकव्याची खूण आहे. अशा वेळीं खाटेवर पडून राहूं नये. ट्रामनें सेंट किल्डाच्या समुद्रकिनाऱ्यावर जावें, किंवा स्वयंपाकघरांत जाऊन कोणास तरी "मीठ आहे का?" म्हणून विचारावें. त्या खोलींतील दुसरी मुलगीहि बहुधा चार दिवसांपूर्वींच आलेली असते, व कोणी बोलेल काय याची वाट पाहत असते. शहरांत मराठी बोलणारीं माणसेंहि आहेत. त्यांची गांठ घ्यावी. पण केवळ त्यांच्यांतच राहूं नये, नाहींतर इतक्या दूर जाऊन आपण आपल्याच आळींत राहिलों असें होईल.

पालकांस दोन शब्द

पालकहो, मेलबर्नचें घड्याळ आपल्यापुढें साडेचार तास चालतें, व ऑक्टोबरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत साडेपांच तास. आपण रात्रीं नऊ वाजतां जेवून निवांतपणें टेलिफोन उचलतां, तेव्हां तेथें दीड किंवा अडीच वाजलेले असतात. उत्तर आलें नाहीं म्हणून घाबरूं नये. आणि बोलणें होईल तेव्हां, "काम लागलें का? पैसे कधीं पाठवणार?" हा प्रश्न पहिल्या महिन्यांत विचारूं नका. आपण प्रेमानें विचारतां, पण ऐकणाराच्या कानीं तो तगादा पडतो, आणि तोच त्यास पहिल्या वाईट मालकाच्या दारीं नेऊन उभा करतो. त्याऐवजीं, खोली पाहिलीस का, पावती मिळाली का, काल काय शिजविलेंस, असें विचारा. फसगत झालीच तर "मीं सांगितलें नव्हतें का?" असें म्हणूं नका. जें मूल घरीं खरें सांगावयास भितें तें परक्या देशांत सर्वांत एकटें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं फारच थोडे मेलबर्नला जातील. पण पुढील शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं पुणें, मुंबई, नागपूर येथें जाऊन एकट्यानें उतरण्याचा प्रसंग बहुतेकांवर येईल, आणि तेथेंहि पहिल्या आठ दिवसांचा क्रम हाच असतो: आधीं पत्ता, मग कागदपत्रें, मग शहराची ओळख, मग पाहून घेतलेली खोली व पारखून घेतलेलें काम. आज घरीं जाऊन एक गोष्ट करा. कोणाचीहि मदत न घेतां पोस्टांत जा, नाहींतर बँकेंत जा, आणि खिडकीमागील मनुष्यास एक प्रश्न विचारून त्याचें उत्तर नीट समजेपर्यंत पुन्हां विचारा. पाठीवरचें बिऱ्हाड उचलण्याची तयारी तेथूनच सुरू होते.